वळणावरचा बांध

आई भाकरी थापता थापता मधेच थांबायची, याचा मला शाळेत होते तेव्हापासून राग. सकाळी कुंपणापलीकडे घोडे पळायला लागले की तिचा पिठाचा हात परातीवर तसाच अधांतरी. तव्यावरची भाकरी तोवर एका अंगानं काळी पडायची आणि ती करपलेली नेमकी माझ्या ताटात यायची, कारण शेखर धाकटा, लाडोबा, आणि बाबा घरचे कर्ते. "आये, घोडे मोजतेस का गो?" असं मी विचारायची. "गप ऱ्हा जरा," म्हणायची आणि कान देऊन बसायची.

ती काय ऐकायची ते मीही ऐकलंय. शहापूरहून मुरबाडला जाताना आमचं गाव लागतं, आणि गावाला लागून शर्यतीच्या घोड्यांचं फार्म आहे. मुंबईच्या मालकांचे जातिवंत घोडे तिथं तयार व्हायला येतात. आमचं घर त्यांच्या ट्रॅकला खेटून. घोडे रेतीवर पळतात तेव्हा दबदब आवाज येतो, गोधड्या झटकल्यासारखा. फक्त वडाजवळच्या वळणावर, एकाच जागी, त्या दबदबीत 'ठक' असं वाजायचं. ते वाजलं की आईचा हात पुन्हा चालू. मला वाटायचं, असतात एकेकाच्या सवयी.

ट्रॅक आमच्याच भाताच्या खाचरांवर झालाय. चौऱ्याण्णव सालात चुलत्यांनी मिळून जमीन विकली, त्यात आमचा वाटाही गेला. गेला तो गेला, मी त्यावर गळा काढणार नाही. बाबांना तिथंच कायमचं काम लागलं, ट्रॅक राखायचं. घोड्यांच्या आधी उठून ट्रॅक पायी फिरायचा, खळगा दिसला भरायचा, दगड दिसला उचलायचा, उन्हाळ्यात पाणी मारायचं आणि ट्रॅक्टरमागे दाताळं लावून रेती सैल करायची. जमीन फार घट्ट झाली तर घोड्याचा पाय मोडतो, फार भुसभुशीत झाली तर रुतून मोडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थोडी अशी नि थोडी तशी, कारण घोडा मऊच्या भरवशावर पाऊल टाकतो आणि खाली भलतंच लागतं. ट्रेनरसाहेब स्वतः तरुणपणी जॉकी होते, एक खांदा कायमचा उतरलेला. ते बाबांना सांगायचे, "कोंडू, घोडा खाली बघून पळत नाही. त्याच्यासाठी तू बघायचं."

बाबा बघायचे. चपलेला खडा लागला तरी वाकून उचलणारा माणूस.

शेखर दहावीला आपटला आणि फार्मवरच लागला. अंगानं काटकुळा, हात हलका, दोन वर्षांत रायडर झाला. त्याच्याकडे एक तांबूस घोडी होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक इंग्रजी, जिभेला पीळ पडेल असं. कपाळावर छोटा पांढरा ठिपका होता, म्हणून सगळे तिला टिकली म्हणायचे. टिकलीला गूळ लागायचा. आमच्या घरातला गूळ कमी व्हायला लागला तेव्हा आईनं आधी माझ्यावर संशय घेतला, हे मी अजून विसरले नाही. शेखरचं लग्न ठरवायला पाहुणे आले, तर हा त्यांना मुलीचं विचारायचं सोडून टिकलीची वंशावळ सांगत बसला. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

दोन हजार तीनच्या दसऱ्यानंतर मी सापगावहून, म्हणजे सासरहून, बाळंतपणाला माहेरी आले. पाऊस उघडून भातं कापायला आली होती. पावसाळाभर बंद असलेला ट्रॅक नुकताच सुरू झाला होता. एकदा जेवताना शेखर म्हणाला, "बाबा, वडाच्या वळणाला टिकली पाय चोरते. खाली काय हाय तिथं?"

बाबांनी मान वर केली नाही. "काय नाय. रेती वाहून गेली असंल. टाकतो उद्या."

"रेतीचं नाय वाटत. खालून लागतंय तिला."

"सांगितलं ना टाकतो म्हणून!" बाबा एवढ्यानं खेकसले, की शेखर चाट पडला. आई उठून उगाच माठातलं पाणी घेऊन आली. कोणाला तहान लागली नव्हती.

बाबांनी खरंच रेती टाकली. दोन पाट्या जास्तच टाकली.

त्यानंतरच्या एका सकाळी भाकऱ्या मी करत होते आणि आई चुलीत लाकूड सारत होती. पलीकडे घोडे सुटले. आईनं मान उचलली. दबदब जवळ आली, ठक वाजलं, आणि त्याला लागूनच दुसरा आवाज आला, वाळका बांबू गुडघ्यावर मोडावा तसा. मग काहीच नाही.

आई धावली. मी पोट सावरत मागून.

टिकली उभी होती. पाय मोडलेलं जनावर पडत नाही, उभं राहतं, हे मला तेव्हा कळलं. पुढचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता आणि ती तो पुन्हा पुन्हा जमिनीला टेकवून बघत होती. शेखर रेतीत पडला होता, खुब्यातून मोडून. तशाच अंगानं तो सरपटत तिच्यापर्यंत गेला आणि खालूनच लगाम धरून ठेवला. "उभी ऱ्हा बाय, उभी ऱ्हा माझी," असं तिला सांगत होता. घोड्यांचे डॉक्टर आले. त्यांनी पाय चाचपला आणि साहेबांकडे बघून मान हलवली. मग घोडे राखणारा मंगळू आणि दुसरा एक सईस हिरवं कापड घेऊन आले आणि दोन बाजूंनी ताणून धरलं, बाकीच्या घोड्यांना आणि पोरांना दिसू नये म्हणून. शेखर कापडाच्या आतच राहिला. त्याच्या मुठीतून लगाम कोणाला सोडवता आला नाही. कापडाखालून मला टिकलीचे पाय दिसत होते. थोड्या वेळानं ते दुमडले.

शेखरला जीपमध्ये घालून शहापूरला नेलं. आम्ही निघालो तेव्हा बाबा जीपमध्ये नव्हते. ते ट्रॅक्टर घेऊन वळणावर दाताळं फिरवत होते. मला वाटलं, धक्का बसला की माणूस हाताला सवयीचं काम धरतो, तसंच असेल.

साहेब दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. वाईट माणूस नव्हे. शेखरच्या उशाशी बसून म्हणाले, "मी सगळं वळण पायी पाहिलं रे. जमीन सारखी आहे. तू तिला आत ओढलीस का? खरं सांग, रागावत नाही."

शेखर छताकडे तोंड करून पडला होता. पायाला वजन टांगलेलं. म्हणाला, "ओढली असंल साहेब."

साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, उद्यापासून पुन्हा घोडे काढायचेत म्हणून सांगितलं आणि गेले. शेखरनं तोंड भिंतीकडे केलं. "ताये, मीच मारली गो तिला," म्हणाला. त्यानंतर तो जेवेना. पेज नेली, तोंड मिटलं. आईनं भरवायला हात पुढे केला तर तिच्या हातावरच रडला. बावीस वर्षांचा बाप्या. मला ते बघवेना, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले. मागोमाग आई आली. बाबा खांबाला टेकून बसले होते.

"तुमी सांगता का मी सांगू?" आई बाबांना म्हणाली.

"सांगून काय घोडी परत येनार हाय?"

"शेखर तरी येल."

"ते खणतील गो हौसे." बाबा म्हणाले. "तुझा थोरला खणून काढतील."

"कोण थोरला?" मी विचारलं. मग आईनं मला सगळं सांगितलं.

माझ्याही आधी तिला एक मुलगा झाला होता. बारशाच्या आतच गेला. दात न आलेल्या पोराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आजोबांनी त्याला खाचराच्या बांधात ठेवलं, कारण बांधाला कधी नांगर लागत नाही. आवणीला, कापणीला आई त्याच बांधावर बसून भाकर खायची. मग जमीन गेली आणि ट्रॅकसाठी मशीन आलं. सगळे बांध कंबरभर खोल उकरून नवी माती भरायची होती. आईनं बाबांचे पाय धरले. बाबांनी मशीनवाल्याला सांगितलं, हितं नागाचं ठिकाण हाय. त्यानं हात जोडले आणि तेवढा तुकडा सोडून मशीन पुढे नेलं. वर माती पडली, रेती पडली, कोणाला काही दिसलं नाही. पण भरलेली माती दर पावसात खचते आणि पिढ्यांचा चोपलेला बांध खचत नाही. बाबा दरसाल त्याच्यावर रेती लोटत राहिले. घोड्यांच्या टापा त्याच्यावर वाजत राहिल्या.

"ठक झालं की वाटायचं, हाय माझा," आई म्हणाली. "उठला वाटायचं."

मला असा काही राग आला! दवाखाना आहे, आजूबाजूला माणसं आहेत, काही सुचलं नाही. मेलेल्या पोरापायी जित्या पोराला त्याच्यावरून पळवत होतीस, असं मी माझ्या आईला ओरडून म्हणाले. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. तेवढ्यात माझ्या पोटातलं हललं, पायानं की कोपरानं ढोसलं, आणि माझं तोंड बंद झालं. मी तिच्याशेजारी बसले आणि दोघी रडलो.

त्याच संध्याकाळी आई फार्मवर गेली. बाबांना न घेता. साहेब तबेल्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, उद्या घोडं काढू नका. वळणाला बांध हाय. त्यात माझा पोर हाय. शेखरनं काय नाय केलं." सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई, ते आता काढावंच लागेल. सकाळी मशीन बोलावतो."

"मशीन नको," आई म्हणाली. "मीच काढते."

सकाळी तिनं मला बजावलं, "तू येव नको. पोटुशीनं असलं बघू नये." मी तिचं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी कशाला ऐकू! वडाखाली जाऊन बसले. बाबांनी कुदळ घेतली, आईनं घमेलं. वरची रेती सरकली, तांबडी माती सरकली, आणि खाली बांध लागला. काळपट, दगडासारखा, एका बाजूला खुरांचे वार बसून गुळगुळीत झालेला. तो फोडताना बाबांच्या कुदळीचा तोच आवाज यायला लागला. ठक. ठक. मी कान झाकले. आईनं नाही झाकले.

बांध फुटायला लागल्यावर आईनं बाबांच्या हातून कुदळ काढून घेतली. पुढची माती तिनं बोटांनी उकरली. एकेक ढेकूळ फोडून, चाळल्यासारखं बघून, बाजूला ठेवलं. त्याच्या कमरेला काळ्या मण्यांचा करदोटा होता म्हणे. हाताला चांदीची नाही, तांब्याची वाळी होती. ऊन चढलं. साहेब लांब रेलिंगपाशी उभे होते, जवळ आले नाहीत.

तिथं काही नव्हतं.

हाड नव्हतं, मणी नव्हता, वाळी नव्हती. नुसती माती. कदाचित जागा हातभर चुकली असेल, कदाचित तेवढ्याशा जिवाचं काही उरतच नसेल. आईनं कंबरेइतकं उकरलं, डावीकडे उकरलं, उजवीकडे उकरलं. मग खड्ड्यातच बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय पन नाय गो सरिते." मला टिकली आठवत होती, तो लोंबता पाय टेकवून बघणारी. तिच्या पायाला लागलं ते निदान काहीतरी असायला हवं होतं.

आईनं तिथली माती पदरात भरून घेतली. फार्मच्या मागच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीपाशी, टिकलीला पुरलं होतं. आई तिकडे गेली आणि ती माती टिकलीवर घातली. "सांभाळ गो त्याला," म्हणाली. बाबा खड्ड्याच्या काठावरच उभे होते. त्यांना कोणी चल म्हणालं नाही.

शेखरला आईनंच सांगितलं, दवाखान्यात, त्याचा हात हातात धरून. साहेबही आले आणि तुझी चूक नव्हती म्हणाले. मला वाटलं, आता हा ओरडेल, बाबांचं नाव घेईल. मी असते तर दवाखाना डोक्यावर घेतला असता.

"एवढंच ना आये?" तो म्हणाला. "मला सांगायचं. मी तिला बाहेरच्या अंगानं नेली असती."

एवढंच बोलला, आणि आईनं आणलेली पेज प्यायला. आई मात्र त्या वाक्यातून पुन्हा उठली नाही. माणूस हिंडतं-फिरतं, स्वयंपाक करतं, माझं बाळंतपणही तिनं सगळं केलं. पण उठली नाही.

शेखर पुढे काठी घेऊन चालायला लागला. पुन्हा घोड्यावर बसला नाही.

बांधाच्या जागी नवी माती भरून, पाणी मारून, दाबून साहेबांनी ट्रॅक सुरू केला, त्या सकाळी मी घरातच होते. आई परातीपुढे बसली होती. पलीकडे घोडे सुटले. तिचा हात थांबला. दबदब लांबून आली, वडापाशी आली, वळणावरून गेली आणि दूर गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, मऊ. घोडे दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. आईचा पिठाचा हात तसाच वर राहिला. भाकरी करपत होती, धूर व्हायला लागला होता. मी ती उलटली नाही.