धुडकूबाबांची सावली

सत्तावीस मेची दुपार. सुरतेत भेस्तानच्या चाळीपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. पाटावर धुडकूबाबा उभे, मागे साडीच्या कापडावर छापलेलं मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांचं सूर्यचक्र.

"पाचशे वर्षांची गणना!" बाबा गरजले. "वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. ना एक वाढवला, ना घटवला! बारा छत्तीसला सूर्यदेव माझी सावली गिळणार, अन् भक्तांचे रोगही!"

वर्षापूर्वी हाच धुडकू कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरत होता. सरलाबाईंचा धाकटा दीर. त्याची बायको लीला आज जरीच्या साडीत खुर्चीवर बसलेली, बाया तिच्या पाया पडत होत्या. थोरली जाऊ मात्र मागे, विजेच्या खांबाजवळ उन्हात! सरलाबाईंचा नुसता जळफळाट चालला होता. त्यात नवरा हेमराज पुढच्या रांगेत खोकत बसलेला. भावाच्या शब्दावर त्याने टीबीच्या गोळ्या चार दिवसांपासून सोडल्या होत्या.

"गेली! सावली गेली!" गर्दी ओरडली.

सगळे बाबांचे पाय बघत होते. सरलाबाई लीलाला बघत होत्या, आता हिला किती चढतं म्हणून. लीला उठून उभी राहिली, तर तिचीही सावली नाही! म्हणजे हीसुद्धा देवी झाली? रागाने सरलाबाईंनी मान खाली घातली आणि त्या चमकल्या. पायाशी स्वतःचीही सावली नव्हती.

"देखा! मनी बी सावली नई शे! खांबनी बी नई!"

त्यांची मुलगी धनश्री शाळेत शिक्षिका. ती पुढे आली. "काका, आज सूर्य सुरतेच्या बरोबर डोक्यावर आहे. उभ्या असलेल्या सगळ्यांची सावली पायाखाली जाते. अन् तुमची गणना? खऱ्या वर्षात पाव दिवस जास्त असतो. अझ्टेकांनी तो कसा सांभाळला यावर अभ्यासक वाद घालतात. तुम्ही म्हणता, सांभाळलाच नाही. मग पाचशे वर्षांत तुमची तारीख सव्वाशे दिवस मागे सरकली. तुमचा चमत्कार जानेवारीत पडायला हवा होता, पतंगांच्या दिवसांत! आजची तारीख मोबाइलमधून काढलीत ना?"

"चक्र खोटं बोलत नाही!"

"चक्र नाही, तुम्ही बोलता."

थोड्या वेळात बाबांची सावली पायाखालून बाहेर सरकली, सगळ्यांच्या सावल्यांबरोबर. गर्दी हसली. लीलाने मान खाली घातली. सरलाबाईंना आनंद झाला, त्यांनी तो लपवलाही नाही. मग त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "चाला, पहिले दवाखानामा."

हेमराज उठून दवाखान्याकडे निघाला.

सरलाबाईंनी नजर वळवली ती मत्सरापोटी, हे खरंच. तुम्ही शंकेपोटी वळवा. पण बाबा बोट दाखवतील तिथून एकदा तरी नजर काढा आणि स्वतःच्या पायाखाली बघा.