नवी किडनी, अर्धा लोड

फोरमनने संमतीचा कागद उलटा केला आणि त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"सही होणार नाही," तो म्हणाला. "ती राहणार."

ती म्हणजे किडनी. एकेचाळीस दिवसांपूर्वी डुकराच्या अंगातून काढून त्याच्या पोटात बसवलेली. समोर किडनीच्या डॉक्टरबाई होत्या, शेजारी बायको. दोघींपैकी कुणीही त्याला घाबरत नव्हतं. बस डेपोच्या वर्कशॉपात तीस वर्षं जो नुसता खाकरला तरी माणसं चहा टाकून उठायची, त्याची इथे ही गत.

माणसाची किडनी त्याच्या नशिबी नव्हती. चार वर्षं डायलिसिसच्या मशीनला आठवड्यातून तीनदा बांधून घेऊन तो यादीत थांबला, पण त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं इतकी खाष्ट, की मिळेल त्या किडनीवर धावून जायची. म्हणून डुकराची. माणसाच्या शरीराला बघताक्षणी खटकतात अशा साखरा त्या डुकराच्या पेशींवर येऊच नयेत म्हणून त्याची जनुकं बदललेली, वर माणसाची काही घातलेली.

"म्हणजे परक्या गाडीला आपल्या डेपोचा रंग आणि आपली नंबरप्लेट," फोरमनने तेव्हा विचारलं होतं.

"अगदी," बाई हसल्या होत्या. "तरी गेटवरचा वॉचमन हुशार असतो. त्याला पेंगत ठेवायला गोळ्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. आणि रोज तीन लिटर पाणी."

गोळ्यांची वेळ त्याने एका मिनिटानेही चुकवली नव्हती. घरी आल्यावर मेहुणा भेटायला आला तो दारापाशीच बसला. "भावोजी, चिखल बघून लोळावंसं वाटतं का हो?" "नाही. तुला बघून लाथ मारावीशी वाटते, पण ते पहिल्यापासूनच आहे." मेहुण्याने तोंड वाकडं केलं. फोरमन आठवडाभर खुशीत होता. लोकांनी नाकं मुरडलेली ही किडनी त्याला आता स्वतःची वाटत होती, अगदी पोटची.

आणि आता रक्तातला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने न गाळलेल्या कचऱ्याचा, आकडा एक पॉइंट दोनवरून दोन पॉइंट नऊवर गेला होता. तपासायला सुईने काढलेला किडनीचा तुकडा धड हो म्हणत नव्हता, धड नाही. दहा डॉक्टरांच्या समितीने निकाल दिला : शरीर तिला नाकारतंय.

"वॉचमनला आडवा पाडेल असं जोरदार औषध आहे," बाई म्हणाल्या. "पण गेल्या महिन्यात तुमच्या फुप्फुसात संसर्ग होऊन गेलाय. ते दिलं तर साध्या सर्दीनेही जाल. उद्या सकाळी किडनी काढू. मला तुम्ही जिवंत हवे आहात."

"मशीनवर चार वर्षं जिवंतच होतो. हिला विचारा कसा होतो ते."

मशीनवरच्या माणसाला पाणी मोजूनमापूनच द्यायचं असतं. बायको त्या चार वर्षांत पेल्याने नाही, चमच्याने पाणी मोजायला शिकली होती.

"हे बघा बाई," फोरमन पुढे सरकला. "इंजिन उतरवायच्या आधी मी एकच विचारायचो, काय बदललं? ड्रायव्हर म्हणायचा, काही नाही. मग मी लॉगबुक मागवायचो. गाडी खोटं बोलत नाही. खोटं ड्रायव्हर बोलतो. आमची वही बघा, मग तिला दोष द्या."

वही बायकोच्या पिशवीत होती. ती मोठ्याने वाचू लागली. गोळ्या, आठ आणि आठ. ताप नाही. पाणी तीन लिटर, तीन लिटर, तीन लिटर. लघवी एक लिटर, नऊशे, आठशे. वजन अडुसष्ट, सदुसष्ट, साडेपासष्ट.

ती थांबली. पुन्हा वरून बोट फिरवलं. मग खाली वाकून तिने नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि सोडला.

"मशीनच्या दिवसांत अंगात पाणी साठलं की इथे खड्डा पडायचा," ती बाईंना म्हणाली. "आता पडत नाही. तीन लिटर आत, एक लिटर बाहेर आणि वजन उतरतंय." मग नवऱ्याकडे वळली. "अहो, बाकीचं पाणी गेलं कुठे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

फोरमनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. फक्त किडनी गेली असती.

"सिंकमध्ये," तो म्हणाला.

"काय?"

"लिहिलं तीन, प्यालो दीड. उरलेलं सिंकमध्ये." त्याला बायकोकडे बघवेना. "नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर निम्म्या लोडवरच चालवायचं असतं. तीस वर्षं तेच केलं. म्हटलं, नवी आहे, एकदम ताण नको. तुम्ही वाद घातला असता, म्हणून तीन लिहीत गेलो."

"आणि मी समजत होते, जेवण कमी म्हणून वजन उतरतंय!" बाईंचा आवाज चढला. "पाणी कमी पडलं तरी आकडा असाच चढतो! तुमच्या त्या तीनवर विसंबून दहा माणसांनी डोकं फोडलं!"

"फोडा माझं. याहून कमी खोट्या नोंदीसाठी मी ड्रायव्हर घरी बसवलेत." तो उभा राहिला. लाज वाटत होती, भयंकर वाटत होती, पण आवाज खाली आला नाही. "चूक ड्रायव्हरची आहे. इंजिन उतरवायचं नाही. काय ते सलाईन लावा."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "अठ्ठेचाळीस तास," त्या शेवटी म्हणाल्या. "आकडा उतरला नाही तर सही."

"करीन. पण तेव्हाही खापर तिच्यावर फोडायचं नाही."

पहिल्या दिवशी दोन पॉइंट दोन. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वतः कागद घेऊन आल्या : एक पॉइंट पाच. "हुरळून जाऊ नका," त्यांनी बजावलं. "वॉचमन आहेच. आज ना उद्या तो डोळे उघडणार. गोळ्या जन्मभर."

"उघडू दे," फोरमन म्हणाला. "मीही इथेच आहे."

बाई गेल्यावर बायकोने पेला काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला आणि पेन आपल्या हातात घेतलं.

"वही माझ्याकडे द्या. तुम्ही प्याल आणि मी लिहीन."

त्याने निमूट वही दिली. पेला उचलला, पोटावर दुसरा हात ठेवला.

"घे बाई," तो किडनीला म्हणाला, "आता घाट चढ."

तो तळापर्यंत प्यायला. बायकोने पेला उपडा करून बघितला आणि मगच लिहिलं.