अध्यक्षांचं उष्टं

सोलापूरच्या मे महिन्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या पंख्यालाही दमवलं होतं. रसायनशास्त्र शिकवण्याच्या जागेसाठी आलेल्या भुवनेश्वरीला निवड समितीपुढे एकच प्रयोग करायचा होता: चांदीच्या द्रावणात ग्लुकोज घालून चंबूच्या आतून आरसा चढवायचा. चढला तर नोकरी, नाहीतर परत अक्कलकोटची एसटी.

द्रावण तयार झालं. तिने दुकानातून आणलेला ग्लुकोजचा डबा उघडला. डबा रिकामा!

"रावजीमामा, यातलं ग्लुकोज?"

"सायबास्नी पाजलं की," शिपाई रावजी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "मला वाटलं, तुमी पाव्हण्यांसाठीच आणलंय. ऊन लई हाय!"

"मग साखर घ्या," समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा म्हणाले. "दुधनीच्या बाजारात जन्मभर साखर विकली आमी. साखर ती साखर!"

नेमणुकीआधी अध्यक्षांना नाही कसं म्हणायचं? तिने चहाची साखर विरघळवून द्रावणात ओतली, चंबू गरम पाण्यात धरला. चंबूत काहीच घडलं नाही. प्रतिक्रिया अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तेवढी दिसू लागली.

"ग्लुकोज इलेक्ट्रॉन देतं, सर," ती घाईने सांगू लागली. "ते घेऊन चांदी काचेवर बसते, आणि ग्लुकोजचं आम्ल होतं. तुमच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेले असतात. द्यायला हात मोकळाच नाही."

"म्हंजे आमची साखर कंजूष?"

तेवढ्यात भुवनेश्वरीची नजर सिद्रामप्पांच्या अर्ध्या उरलेल्या ग्लासवर गेली.

"मामा, ग्लुकोजच्या पाण्यात मीठ टाकलंत का?" मिठाने चांदीचा पांढरा साका होऊन तळाशी बसला असता.

"न्हाय वो. सायबांना बीपी हाय."

"सर, तुमचा ग्लास द्या."

"अय्यो, उष्टं हाय की ते!"

"चांदीला चालतं, सर."

तिने दुसऱ्या चंबूत ताजं द्रावण घेतलं, त्यात ग्लासातलं पाणी ओतलं आणि चंबू गरम पाण्यात धरला. आधी तपकिरी झाक आली, मग काळसर. आणि काच एकदम लखलखली. चंबूच्या फुगीर पोटात सिद्रामप्पांच्या मिशा कानापर्यंत पसरल्या.

त्यांनी कपाळावरची विभूती चंबूत बघून नीट केली आणि हुकूम सोडला, "रावजी, पुढल्या उमेदवारासाठी ग्लुकोज आण."

"संपलं की, सायेब. डब्यातलं सगळं तुमीच पिलं."

"मग आता पुढला उमेदवार बोलवायचाच कशाला?"