डावीकडची तबकडी

निपाणीच्या वाचनालयात बुद्धिबळ खेळणाऱ्यांचं मंडळ होतं, पण घड्याळ नव्हतं. बेळगावच्या स्पर्धेत घड्याळ लावून खेळावं लागायचं, म्हणून शहाऐंशी साली मंडळानं एक घ्यायचं ठरवलं. ते निवडायला गुंडू आणि मालू या बहीण-भावाला पाठवलं. गुंडू तंबाखूच्या वखारीत सुपरवायझर, मालू प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्न होऊन गावातच दिलेली. वडिलांनी दोघांना एकाच पटासमोर बसवून खेळ शिकवला होता. वडील गेल्यावर एखादी चाल अडली की मालू आपल्या अण्णाकडं, गुंडूकडंच जायची.

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदारानं दोन घड्याळं पुढं ठेवली. एक चावीचं, लाकडी पेटीतलं, प्रत्येक खेळाडूला एक अशा दोन तबकड्यांचं. वेळ संपत आली की काटा एक लाल झेंडी उचलायचा आणि संपली की ती खाली पडायची. झेंडी पडली की डाव गेला. दुसरं आकड्यांचं, सेलवरचं, आखातातून कुणीतरी आणलेलं.

“हेच घेऊया अण्णा,” मालू म्हणाली. “दोन्हीकडं वेळ सारखी चालंल.”

“आणि बिघडलं तर निपाणीत कोण दुरुस्त करणार? चावीचंच बरं.”

त्याचं म्हणणं तिला पटलं. “पण मग दोन्ही तबकड्या ताडून बघायला पायजेत. एक बाजू जरी पुढं पळाली तर उपयोग न्हाय.”

“बघतो की घरात. रेडिओची वेळ हाय.”

पुढच्या रविवारी त्यानं वाचनालयात सांगितलं, “दोन्ही बाजू सारख्या हायत.”

मंडळातर्फे बेळगावला एकालाच पाठवायचं होतं, म्हणून आपसात डाव लावले. बाकीचे हरत गेले आणि शेवटी हीच दोघं उरली. नाणेफेक गुंडूनं जिंकली आणि काळे मोहरे मागितले. लोकांना नवल वाटलं, कारण तो कायम पांढरे घ्यायचा. काळे मोहरे घेणाऱ्यानं घड्याळ कुठल्या हाताला ठेवायचं ते ठरवायचं, असा नियम. त्यानं ते असं ठेवलं, की डावी तबकडी मालूच्या वाट्याला आली.

तिनं त्याचा हत्ती मारला, वजीर कोंडला. दोन-चार चालीत मात होणार हे बघणाऱ्यांनाही दिसत होतं. तेवढ्यात तिची झेंडी पडली. अध्यक्ष परशराम सरांनी डाव गुंडूला दिला.

“मीच लई विचार करत बसले,” ती घरी नवऱ्याला म्हणाली. गुंडू बेळगावला निघाला त्या सकाळी ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून स्टँडवर गेली होती.

तो तिकडं असताना ती भावाच्या घरी गेली. मंडळाचं घड्याळ त्याच्याच घरी असायचं; ते लावून भरभर खेळायची सवय करायची होती. वहिनी गंगव्वानं पेटी आणून दिली.

“वन्सं, उजवी बाजू घ्या. डावी लई पळतीया.”

“कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच. आणलं त्याच आठवड्यात रेडिओवर लावून बघितलंय की. तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय?”

मालूनं तिथंच बसून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून आधी एक बाजू चालवली, मग दुसरी. उजवी बरोबर होती. डावीची झेंडी मात्र वेळ शिल्लक असतानाच पडली. वहिनीनं ठेवलेल्या चहावर साय धरली होती. तिला रडू आलं नाही. स्टँडवर भाकरीचं गठुळं घेताना अण्णा तिच्याकडं बघत नव्हता, ते आता तिच्या ध्यानात आलं.

गुंडू स्पर्धेतून हरून परतला. ती त्याच्या घरी सोप्यात वाट बघत बसली होती.

“तुला ठाऊक होतं, अण्णा.”

त्यानं पिशवी खुंटीला लावली. “व्हय.”

“मग?”

“तुला शाळा हाय, मान हाय. पुढं कवातरी जाशील. माझं निम्मं आयुष्य वखारीत तंबाखूचा खाट नाकातोंडात घेत गेलं. एकदा बेळगावात नाव पुकारावं वाटलं.”

“मागितलं असतंस तर मी नाव मागं घेतलं असतं.”

“बहिणीनं सोडलेलं घिऊन जाऊ?” तो म्हणाला. “जिंकून जायाचं होतं मला.”

“जिंकून गेलास व्हय?”

ती तशीच उठून परशराम सरांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “झालं ते झालं, मालूताई. बहीण-भावाचं घरात मिटवा. मंडळाची शोभा कशाला?” बाकीच्यांनाही तेच बरं वाटलं. पुढच्या रविवारी गुंडू नेहमीच्या जागी खेळत बसला होता, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

मालूनं मंडळ सोडलं. सुट्टीच्या दिवशी एस्टीनं बेळगावला जाऊन ती तिथल्या खेळाडूंबरोबर खेळू लागली आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातर्फे स्पर्धेत उतरली.

भाऊबीजेला गुंडू आला. तिनं पाट मांडला, ओवाळलं, पोटभर जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं कोनाड्यातला पट काढला आणि मोहरे लावायला घेतले.

“एक डाव खेळूया, मालू. घड्याळ न लावता.”

“नको,” ती म्हणाली. “तुला ओवाळीन दरसाली. पण तुझ्यासंगं खेळणार न्हाय.”

त्यानं मोहरे एकेक करून परत डब्यात भरले. तिनं त्याला पान दिलं आणि भांडी घासायला परसात गेली.