बेल्दियाचा दरवळ

मी बोलतोय, पण इकडेतिकडे शोधू नका, मी दिसणार नाही. मी वास आहे. समुद्रापलीकडे रिफच्या डोंगरात आमच्या उतारावर बेल्दिया नावाचं झाड उगवतं, त्याचा दरवळ. बेल्दिया म्हणजे इथलंच, गावरान. तुमच्याकडे त्याच्या भावंडांना भांग म्हणतात, गांजा म्हणतात आणि नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मी काही रागावत नाही.

माझा जन्म ऐन उन्हाळ्यातला. झाडाच्या मादी फुलांवर बारीक लव असते, तिच्या टोकाशी चिकाचे थेंब धरतात. त्या थेंबांत मी जन्मतो. मी एकटाही नाही, आमचं एकत्र कुटुंब आहे. त्यात एकजण पाइनच्या डिंकासारखा, एकजण लिंबाच्या सालीचा, एक मिऱ्यासारखा तिखट, एक ओल्या मातीचा आणि एक अगदी मवाळ, लव्हेंडरच्या फुलाचा. शिकलेली माणसं आम्हा सगळ्यांना टर्पीन म्हणतात. झाडानं आम्हाला केलं ते किडीनं पानं खाऊ नयेत म्हणून. माणसाच्या नाकाला आम्ही आवडलो, ही पुढची गोष्ट.

त्याच थेंबात आमच्या शेजारी सीबीडी नावाचा एक औषधी घटक राहतो. हल्ली त्याचं नाव फार मोठं झालंय. नशा न आणता दुखणं हलकं करतो म्हणे. करत असेल. पण त्याला स्वतःचा वास नाही, जिभेवर ठेवलात तर थोडा कडवट, बस. लोक तेल हुंगून, चाखून 'काय सुंदर आहे' म्हणतात तेव्हा कौतुक माझं असतं आणि नाव त्याचं होतं. आमच्यात आणखी एक फरक आहे. जरा जास्त ऊब लागली की मी उडून जातो, तो मागे राहतो. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख या एका गोष्टीतून आलं.

माझा मालक अल्लाल. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा. तेव्हा हे पीक लावणं गुन्हा होता, आणि आमच्या डोंगरात दुसरं काही नीट पिकत नव्हतं. त्याच्या नावानं वॉरंट निघालं. छाप्याच्या भीतीनं घरात काडीसुद्धा ठेवायची सोय नव्हती. सगळं पीक जंगलातल्या खोपीत असायचं आणि अल्लालही तिथेच, पेंढ्यांना पाठ लावून झोपायचा. त्याच्या लोकरीच्या पायघोळ जेलाब्यात, दाढीत, नखांत मी भरून राहिलो होतो.

आता माझा एक शाप ऐका. माझ्यासोबत जो रात्रंदिवस राहतो, त्याला मी येईनासा होतो. अल्लालच्या नाकाला मी केव्हाच मेलो होतो. कुणी म्हटलं, 'अरे, केवढा दरवळ सुटलाय,' तर तो वेड्यासारखा बघायचा. त्याच्या लेखी त्याच्या शेताला वास नव्हताच.

पण त्याच्या बायकोला, दावियाला, मी यायचो. ती खाली गावात, बिनवासाच्या घरात राहायची. अल्लाल अधूनमधून लपतछपत घरी यायचा. थाप पडली की ती आधी दाराच्या फटीला नाक लावायची. मी आत शिरलो तरच कडी काढायची. एकदा शिपायांपैकी कुणीतरी हुबेहूब अल्लालचा आवाज काढला. दावियानं फटीशी नाक नेलं आणि शांतपणे म्हणाली, "माझा नवरा घरी नाही, आणि बाहेर उभा आहे तोही माझा नवरा नाही." कशावरून ओळखलं, हे तिनं अल्लालला कधीच सांगितलं नाही. तेवढं एक गुपित तिनं स्वतःपाशी ठेवलं होतं.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. कापणीची पहिली जुडी घरधनिणीची. ती तिच्या अंथरुणावरच्या तुळईला टांगायची, पेरणीपर्यंत तिथेच राहायची, आणि पेरणीचं पहिलं बी तिच्यातूनच झाडून घ्यायचं. छाप्यांच्या वर्षांत ती रीत मोडली. दाविया नवी नवरी होती तेव्हा तिला एकदोनदा जुडी मिळाली असेल, त्यानंतर नाही. तिनं कधी तक्रार केली नाही. म्हणायची, नवरा सुटला की जुडी येईल.

शेवटी कायदा बदलला. माफी मिळाली, वॉरंटं रद्द झाली. अल्लालला रीतसर परवाना मिळाला. सहकारी संस्था निघाली आणि बेल्दियापासून सीबीडीचं तेल करायचं ठरलं. नियम एवढाच की पीक सगळंच्या सगळं संस्थेला द्यायचं, एक फांदीही बाजूला काढायची नाही.

पण तोवर दावियानं अंथरूण धरलं होतं. दुखणं हाडांत उतरलं होतं. तेतुआन शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या लेकीला, नजातला, बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या आणि सुखात ठेवा. दावियाला काही सांगायची गरजच पडली नाही, तिला ते कळलंच होतं. तिनं अल्लालला जवळ बोलावलं.

"या साली पहिली जुडी आणशील ना रे?" ती म्हणाली.

अल्लालनं मान खाली घातली. "दाविया, एकेक फांदी तोलून घेतात. एक कमी पडली अन् कुणी बोट दाखवलं तर? मी पुन्हा जंगलात नाही जायचा. आता तुला अशी टाकून तर नाहीच नाही."

"एवढीशी. मुठीत मावेल एवढी."

"तेल आणतो ना तुला. आपल्याच शेताचं, शिक्का मारलेलं, शुद्ध. चोरीचं कशाला? उजळ माथ्यानं आणतो."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अल्लाल तर भांड्याला हातही लावेना. संस्थेतल्या तौफीकला त्यानं नुसतं विचारलं असतं तरी त्या भल्या माणसानं कुणालातरी सांगून मूठभर फांदी घरी धाडली असती. पण विचारायलाही त्याची जीभ धजली नाही. त्यानं पहिली जुडीसुद्धा गाडीत टाकली. दाविया पुढे एका शब्दानं बोलली नाही, आणि ते पाहून अल्लालला वाटलं की तिला पटलं.

कारखान्यात माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. घाई होती, म्हणून ओल्या फांद्या गरम खोलीत वाळवल्या. लिंबाच्या सालीचा आणि पाइनचा, दोघेही पहिल्या दिवशीच गेले. मवाळ लव्हेंडरवाला त्यांच्या मागोमाग गेला. मिऱ्याचा चिवट, तो जरा टिकला. मग अर्क काढला, तापवला, गाळला, पुन्हा तापवला. शेवटी पांढरी भुकटी राहिली. सीबीडी एकटाच, आमच्या घरचं कुणीच त्याच्यासोबत नाही. ती भुकटी बिनवासाच्या तेलात विरघळवली, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाला शेताचा वास नको असतो. काही बाटल्यांत पुदिन्याचा, काहींत स्ट्रॉबेरीचा वास विकत आणून घातला.

अल्लाल धुतलेला जेलाबा घालून बाटली घ्यायला गेला. तौफीकनं विचारलं, पुदिना देऊ का? अल्लाल म्हणाला, "आमच्या शेताचंच द्या, त्यात काही मिसळलेलं नको." मग तौफीकनं बिनवासाची बाटली काढली. अल्लालनं झाकण उघडून हुंगली. काहीच आलं नाही. त्याचा चेहरा खुलला.

"हां," तो म्हणाला, "हेच आमचं शेत."

तौफीकला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तो हसला, अल्लालही हसला. तिकडे मी कुठे होतो म्हणता? छपराच्या पत्र्याखाली, धुराड्याच्या तोंडाशी, वाऱ्यावर विरत होतो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नजात नंतर एकदा शेताच्या बांधावर बसून तिच्या मावशीला सांगत होती, ते मी ऐकलं. अल्लालनं बाटली दावियाच्या नाकाशी धरली. तिनं डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो लहान पोरासारखा आशेनं वाकून उभा होता.

"आपलंच आहे," दाविया म्हणाली.

मग तिनं त्याला जवळ बसायला सांगितलं आणि आपलं तोंड त्याच्या बाहीत लपवलं. बाहीला साबणाचा वास होता. ती बराच वेळ तशीच राहिली. अल्लालला वाटलं, तेलानं आराम पडला. तो रोज जिभेवर थेंब घालायचा, रोज विचारायचा, आणि ती रोज 'आपलंच' म्हणायची. ऑलिव्ह उतरवायचे दिवस यायच्या आत ती गेली.

नजात बापाला तेतुआनला घेऊन गेली. पेरणी पुतण्यानं केली. अल्लाल पुढल्या कापणीपर्यंत शहरात राहिला, समुद्राच्या हवेत, तळलेल्या सार्डिन मासळीच्या आणि डिझेलच्या वासात. त्याचं नाक हळूहळू जागं होत होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

कापणीच्या तोंडावर तो गाडीनं परत निघाला. गावाखालच्या वळणावर गाडी आली आणि मी खिडकीतून आत गेलो. अल्लाल दचकला. त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा कसला वास?"

"अल्लालसाहेब, सकाळी सकाळी थट्टा?" ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्याच शेताचा. आख्खं खोरं भरलंय आठवडाभर."

अल्लालनं गाडी थांबवायला सांगितली. उतरला, रस्त्याकडेच्या दगडावर बसला. ऊर भरून मला आत घेतलं, एकदा, दोनदा. मग खिशातून ती बाटली काढली, तळाशी थोडं तेल होतं. झाकण उघडलं, हुंगलं. पुन्हा मला हुंगलं. पुन्हा बाटली. ड्रायव्हर उतरून जवळ आला, पाणी देऊ का म्हणाला.

"ती मुठीएवढं मागत होती," अल्लाल म्हणाला. "आणि मी तिला पाणी हुंगवलं. रोज विचारलं, हेच ना? ती रोज हो म्हणाली."

ड्रायव्हरला काही कळलं नाही. मला सगळं कळलं, पण मला हात नाहीत, त्याच्या पाठीवरून फिरवायला.

त्यानंतर तो रोज शेतात बसू लागला. कळी बोटांत चुरायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. पण माझा शाप तुम्हाला सांगितलाच आहे. पहिल्या दिवशी मी त्याला पुरा आलो. मग थोडा कमी. काल त्यानं ओंजळभर कळ्या चुरल्या, तोंड त्यांत बुडवलं आणि घाबऱ्या डोळ्यांनी पुतण्याला विचारलं, "यांचा वास गेला का रे?"

गेलो नाही मी. त्याच्या बाहीवर आहे, दाढीत आहे, दाविया ओळखायची तसाच आहे. फक्त त्याला येत नाही. उद्या कापणी सुरू होईल, गाडी येईल, आणि मीही जाईन त्या गरम खोलीकडे. जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या जवळच्या माणसानं कधी एखाद्या वासासाठी हट्ट धरला आणि तुम्हाला तो वास येतच नसेल, तर तो नाहीच असं म्हणू नका. मूठभर आणून द्या. अल्लाल अजून शेतात बसलाय. अंधार पडत आलाय, पण त्याला घरी जायचं नाही.