कच्च्या धाग्याची शिट्टी

अहो नवे साहेब, इकडं बघा, तुमच्याच छातीवर. मी बोलतेय, पोलिसाची शिट्टी. अंग पितळेचं, पोटात वाटाण्याएवढी गोळी. ती नाचली की मी अशी किंचाळते, की सरळ चालणारासुद्धा दचकून खिसे चाचपतो. लिहिणं-वाचणं मला येत नाही. पण तीस वर्षं एका हवालदाराच्या गळ्यात काढलीत, ऐकून ऐकून शहाणी झालेय.

हवालदार रिटायर झाले आणि त्यांनी मला भाचीच्या हातात दिलं. पोरगी नुकतीच भरती झालेली. पहिल्यांदा फुंकली तर निम्मी थुंकीच उडाली, आवाज मांजरीच्या पिल्लाचा. समोरचा ट्रकवाला थांबला, पण हसायला. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू.

माझी दोरी बघून तिनं नाक मुरडलं. मामांनी ती मधोमध कापून मुद्दाम शिवायच्या कच्च्या धाग्यानं जोडली होती. पोरीनं ती फेकली आणि जाडजूड नायलॉनची लाल दोरी आणली, वर दोन गाठी. मी तर नव्या नवरीसारखी फुगले.

रविवारी मामा आले. पोरगी चहा ओतायला वाकली, तसं त्यांनी दोरीत बोट अडकवून खाली ओढलं. तिचं नाक पार कपाला टेकलं.

"मामा, हा काय चावटपणा?"

"मी एका बोटानं ओढलं गं. ज्याला पळायचंय तो दोन्ही हातांनी ओढेल."

पोरीनं फुरंगटूनच लाल दोरी मधोमध कापली आणि कच्च्या धाग्यानं जोडली. मामा जाता जाता दारातून बजावत होते, की पळायच्या आधी वायरलेसवर जागा सांग, माणसाच्या तोंडाकडं नको, हाताकडं बघ, आणि डायरी त्याच दिवशी लिही, उद्यावर टाकलीस की साहेबांपुढं त-त-प-प होतं.

चौथ्या दिवशी भरदुपारी बाजारात एकानं बाईची पर्स हिसकली. पोरगी सुटली मागं. मी छातीवर थडाथड आपटतेय, पोटातली गोळी थयथय नाचतेय, काय मजा! पळता पळता ती वायरलेसवर म्हणाली, "घड्याळवाल्याच्या मागची गल्ली. मी एकटी आहे." मला वाटलं, कशाला वेळ घालवते ही?

कोपऱ्यावर वळली तर गडी पळत नव्हताच. तिचीच वाट बघत उभा. त्यानं झडप घालून माझी दोरी धरली आणि हिसडा दिला.

कट्.

धागा तुटला आणि मी त्याच्या मुठीत. पाल हातात आल्यासारखा माझ्याकडं बघत बसला बिचारा. तेवढ्यात पोरगी तीन पावलं मागं, पाठ भिंतीला, काठी पुढं, नजर त्याच्या हातांवर. अंगावर गेली नाही.

"हात दिसू देत," एवढंच म्हणाली. एकेक शब्द स्पष्ट. आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांनी तिचे जोडीदार धावत आले. जागा ठाऊक होती ना त्यांना.

संध्याकाळी मामांनी आधी डायरी लिहिलीस का विचारलं. लिहिली होती. मग ते सुई-दोरा घेऊन बसले. आज थट्टा नाही, काही नाही. दोरा दोनदा सुईच्या बाजूनं गेला.

"द्या मामा, मी ओवते," पोरगी म्हणाली.

आता ती नव्या पोरांना शिकवते. मला तिनं तुमच्या हातात दिलं, दोरी मात्र तुमची तुम्ही आणलीत. आल्या आल्या एकेकाची दोरी बोटानं ओढते. तुमचीही ओढेल. मजबूत निघाली तर आजच कापा साहेब. मी पडेन, मला पोचा येईल, गटारात जाईन, चालेल. माझ्यासारख्या गोदामात पोत्यानं पडल्यात. मान मात्र तुम्ही घरून आणलीय, ती घरी परत न्यायचीय.