त्रास मेव्हण्याला आहे

"लघवी करून आल्यावर पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, असं होतं का?" त्याने फोनवर विचारलं आणि नियमाप्रमाणे गप्प बसला.

कंपनीत शिकवलंच होतं तसं. प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटायचं. पुरुष कुठल्याही देशातला असो, शांतता त्याला फार वेळ सोसत नाही. ही युक्ती त्याने घरी बायकोलाही मोठ्या फुशारकीने सांगितली होती.

पाहणी देशोदेशींच्या पुरुषांच्या लघवीच्या त्रासाची होती. त्याच्या वाट्याला आपली भाषा बोलणारे, पण जगभर पांगलेले पुरुष आले होते. थंड देशातला थंडीला बोल लावायचा, गरम देशातला उन्हाला. बेटावरच्या एका निवृत्त कप्तानाने तर सगळं समुद्राच्या आवाजावर ढकललं. मुळात स्वतःला त्रास कुणालाच नव्हता, मेव्हण्याला होता. मेव्हण्यांची तब्येत जगभर ढासळली होती.

तो हसू दाबून सगळं नोंदवायचा आणि दोन फोनांच्या मध्ये लगबगीने उठायचा. कारण त्रास त्यालाही होता. वडिलांनाही होता. ते "काही नाही रे" म्हणत राहिले आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

रात्री सारखा का उठतोस, असं बायकोने विचारलं तेव्हा त्याने नळ ठिबकतोय म्हणून सांगितलं होतं. बायको कामाला वाघ. तिने प्लंबरकडून नळ बदलून घेतला. मग त्याने टाकीचं नाव घेतलं, टाकी गेली. मग पाइप. न्हाणीघर राजवाड्यासारखं झालं, आणि तो उठतच राहिला.

शनिवारी सकाळी प्लंबर हात पुसत बाहेर आला.

"वहिनी, आता बदलायच्या फक्त भिंती उरल्यात. त्यापेक्षा साहेबांना एकदा दाखवून आणा."

प्लंबर गेल्यावर बायको समोर येऊन बसली. "काय होतंय तुला?"

"मला नाही गं. मेव्हण्याला..."

"मला भाऊ नाही, तुला बहीण नाही," ती म्हणाली. आणि गप्प बसली.

ती शांतता मोडायला नवा नळ थेंबभरही मदत करेना. शेवटी त्याने सांगून टाकलं, फोनवरच्या आवाजात, प्रश्नांच्याच क्रमाने.

ती उठली, कपडे बदलून आली. दोघं दवाखान्यात जायला निघाले, तर उंबऱ्यातच तो थबकला.

"एक मिनिट. नळ बघून येतो."

"ये बघून," ती म्हणाली, आणि त्याच्या चपला सरळ करून दारात थांबली.